दादांची वही, नातीची गझल : काफिया, रदीफ आणि वृत्त कसे ओळखावे?

उस्मानपुऱ्यातली दहावीची एक मुलगी आमच्या वर्गात आहे. शाळा मराठी माध्यमाची, घरातले बोलणे उर्दूचे. तिचे दादा शायरी करायचे. त्यांच्या इंतकालनंतर घरात त्यांची एक वही राहिली. वही उर्दू लिपीत आहे. वडिलांना ती अडखळत वाचता येते, मुलीला अजिबात येत नाही. गेल्या मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, या मुलीने स्वतः लिहिलेले तीन मराठी शेर एका कार्यक्रमात वाचले. टाळ्या मिळाल्या. नंतर एक पाहुणे तिला म्हणाले, "छान आहे बेटा, पण ही तुमची उर्दूची चीज. मराठी कवितेची वृत्तं वेगळी असतात."

दोन दिवसांनी वडील आमच्याकडे आले. "सर, इसको बोलो ना, ये शेर-वेर छोड के पढाई कर. मराठीत आधीच मार्क कमी पडतात. धड उर्दू नाही, धड मराठी नाही, असं व्हायला नको."

वडिलांची काळजी खोटी नव्हती. आपल्या कितीतरी घरांत हीच काळजी आहे. मूल मराठीत शिकते, दादी-नानी उर्दूत बोलतात, आणि या दोन भाषांची कपाटे वेगवेगळी आहेत असे आपण धरून चालतो. पण पाहुण्यांचे म्हणणे खरे होते का? ते तपासण्यासाठी आम्ही त्या तीन शेरांची फोड केली. तीच फोड इथे मांडतो आहोत. पेन्सिल-कागद घेऊन बसलात तर जास्त मजा येईल.

मुलीच्या परवानगीने तिच्या ओळी अशा :

दिवा मंद होता, जुनी रात होती
घरी फक्त दादी दुआ गात होती

जपूनी जरी ठेवलेली कपाटी
वहीच्या कडा वाळवी खात होती

मला अक्षरे वाचता येत ना ती
परी चाल आधीच कानात होती

आधी शेवट पाहा : रदीफ आणि काफिया

गझलेची रचना समजून घ्यायची तर ओळ मागून पुढे वाचावी. दोन ओळींचा एक शेर, आणि शेरातली एकेक ओळ म्हणजे मिसरा. पहिल्या शेरात दोन्ही ओळी 'होती' या शब्दावर संपतात. पुढच्या शेरांत 'होती' फक्त दुसऱ्या ओळीला येते. शेवटी येणारा हा न बदलणारा शब्द म्हणजे रदीफ. तो एका शब्दाचा असेल, दोन-तीन शब्दांचाही असेल.

आता 'होती'च्या लगेच आधीचे शब्द काढा : रात, गात, खात, कानात. शब्द बदलतात, शेवटचा नाद तोच राहतो. हा काफिया. गझल रदीफशिवाय चालते, काफियाशिवाय चालत नाही. मराठी शाळेत आपण या सगळ्याला सरसकट 'यमक' म्हणतो, म्हणून मुलांचा गोंधळ होतो. मुलाने 'होती-होती' हेच यमक सांगितले तर ते अर्धेच उत्तर आहे. खरे यमक त्याच्या आधी बसलेले असते.

काफियात आणखी एक बारीक गोष्ट आहे. 'त' हे अक्षर जुळले एवढे पुरत नाही, त्याच्या आधीचा स्वरही जुळावा लागतो. इथे तो 'आ' आहे. या न बदलणाऱ्या स्वराला मराठी गझलकार अलामत म्हणतात. मुलीने चौथा शेरही लिहिला होता. त्याची दुसरी ओळ अशी :

जगाला किती ती मनी भीत होती

ओळ ऐकायला गोड आहे, वृत्तातही चोख आहे. पण 'भीत'मध्ये 'त'च्या आधी 'ई' आहे. रात, गात, खात यांच्या रांगेत 'भीत' उभा राहू शकत नाही. म्हणून हा शेर तिने बाजूला ठेवला. अजून दुरुस्त झालेला नाही.

पहिल्या शेराला मतला म्हणतात. मतला म्हणजे वाचकाशी केलेला करार. दोन्ही ओळींना काफिया-रदीफ लावून कवी सांगतो, की पुढे असेच वाजत राहणार. एकदा 'रात होती', 'गात होती' म्हटले की पुढे 'आत होती' निभावणे भाग आहे. म्हणून मतला लिहिताना पुढच्या शेरांसाठी पुरेसे काफिये हाताशी आहेत का, हे पाहून ठेवावे. नाहीतर तिसऱ्या शेरालाच शब्द संपतात.

शेवटच्या शेरात कवीने आपले टोपणनाव, म्हणजे तखल्लुस, गुंफले तर त्या शेराला मक्ता म्हणतात. आमच्या विद्यार्थिनीने अजून तखल्लुस घेतलेले नाही. आणि गझलेत निदान पाच शेर असावेत असा संकेत आहे, त्यामुळे तिची गझल अजून पुरी व्हायची आहे.

रचनेचा शेवटचा नियम अर्थाचा. प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. दुसरा शेर एकटा वाचून पाहा. दिवा माहीत नाही, दादी माहीत नाही, तरी जपून ठेवलेल्या वहीला लागलेली वाळवी कळते. मराठीतली ओवी याहून वेगळ्या बांध्याची. तिच्यात पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. आणि एका ओवीतून दुसरीत गोष्ट वाहत जाते. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ ओवीतच लिहिला. म्हणजे आपल्या लोकांना मराठीचा हा बांधाही परका नव्हता.

आता वजन : ल आणि गा

काफिया-रदीफ डोळ्यांना दिसतात. वृत्त मात्र मोजावे लागते. त्यासाठी दोनच खुणा पुरतात. लघू अक्षर म्हणजे 'ल', त्याची एक मात्रा. गुरू अक्षर म्हणजे 'गा', त्याच्या दोन मात्रा. आम्ही वर्गात 'ल'ला बोटाची टिचकी आणि 'गा'ला तळहाताची थाप देतो.

नियम थोडे आहेत. अ, इ, उ हे ऱ्हस्व स्वर असलेले अक्षर ल. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेले अक्षर गा. अनुस्वार असलेले अक्षर गा, म्हणून 'मंद'मधला 'मं' गा. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर जोर येत असेल तर तेही गा, म्हणून 'फक्त'मधला 'फ' गा. पण 'तुझ्या', 'पुन्हा' यांत 'तु' आणि 'पु' यांच्यावर जोर येत नाही. ते लच राहतात. मोठ्याने म्हटले की कानाला फरक लगेच कळतो.

आता पहिली ओळ घ्या आणि शब्दांची पर्वा न करता तीन-तीन अक्षरांचे तुकडे करा :

दिवामं – दहोता – जुनीरा – तहोती
लगागा – लगागा – लगागा – लगागा

दुसरी ओळ :

घरीफ – क्तदादी – दुआगा – तहोती
लगागा – लगागा – लगागा – लगागा

प्रत्येक ओळीत बारा अक्षरे. चार ल आणि आठ गा, म्हणजे वीस मात्रा. उरलेल्या चार ओळीही करून पाहा, हेच येईल.

मराठी व्याकरणात 'लगागा' या तुकड्याला य-गण म्हणतात. यमाताराजभानसलगा हे सूत्र मुलांना पाठ असते, त्यातला 'यमाता' म्हणजेच लगागा. चार य-गणांच्या ओळीचे नाव भुजंगप्रयात. रामदासस्वामींचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, सगळेच्या सगळे २०५. रामदासांचे गाव जांब आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले.

आता उर्दूचे माप लावू. ओळीचे असे तुकडे करून वजन मोजण्याला उर्दूत तक्तीअ म्हणतात. तक्तीअ म्हणजे कापणे, तुकडे करणे. वृत्ताला म्हणतात बहर. 'लगागा' वजनाच्या तुकड्याचा शब्द आहे 'फऊलुन' : फ ल, ऊ गा, लुन गा. एका ओळीत चार फऊलुन असतील तर त्या बहरचे पूर्ण नाव मुतकारिब मुसम्मन सालिम. नाव ऐकून घाबरू नका. मुतकारिब हे बहरचे नाव, मुसम्मन म्हणजे एका शेरात आठ तुकडे, आणि सालिम म्हणजे एकही तुकडा न छाटलेला. इक्बाल यांची ताऱ्यांच्याही पलीकडे जगे असल्याचे सांगणारी ती गझल, जी १९३५ च्या 'बाल-ए-जिब्रील'मध्ये आहे, तिचे वजन नेमके हेच.

वडील समोरच बसले होते. इक्बालची ही गझल त्यांना तोंडपाठ. आम्ही त्यांना ती टेबलावर थाप देत म्हणायला सांगितले. मग मुलीला प्राथमिक शाळेत पाठ केलेला मनाचा एक श्लोक तसाच म्हणायला लावला. टिचकी, थाप, थाप. टिचकी, थाप, थाप. दोघांचे हात सारखे चालत होते. वडील काही बोलले नाहीत, पण पुन्हा एकदा म्हणून पाहिले.

याच बहरचा शेवटचा तुकडा एका अक्षराने छाटला, की लगागा लगागा लगागा लगा असे वजन होते. फिरदौसीचा 'शाहनामा' या वजनात आहे, सादींचे 'बोस्तान'ही. जुन्या मकतबांत मुलांना शिकवले जाणारे, सादींच्या नावावर असलेले 'करीमा'ही याच वजनात. ज्या घरात दादांनी लहानपणी 'करीमा' घोकले, त्या घरातल्या नातीला भुजंगप्रयात अवघड का जावा?

एकाने दुसऱ्याचे घेतले का?

हा प्रश्न वर्गात हमखास येतो. भुजंगप्रयात संस्कृतातून आलेले जुने वृत्त आहे. संस्कृत छंदांचे शास्त्र पिंगलाच्या नावाने ओळखले जाते. अरबी छंदांचे शास्त्र, म्हणजे अरूज, आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील बिन अहमद यांनी बांधले. बाजारात तांबटांच्या हातोड्यांचा ठोका ऐकून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. आपल्या तांबट आळीतून गेलेल्या कोणालाही ही गोष्ट पटेल. दोन्ही शास्त्रे ओळीचे वजन लहान आणि मोठ्या उच्चारांनी मोजतात. मोजण्याची पद्धतच इतकी जवळची असेल तर काही ठिकाणी एकच चाल सापडणे साहजिक आहे.

पुढे मात्र जाणूनबुजून देवाणघेवाण झाली. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४–१९३९), हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी फारसी बहरांना मराठी वृत्तांच्या चौकटीत बसवले, 'छंदोरचना' हा मराठी वृत्तांचा मोठा ग्रंथ लिहिला आणि १९३३ मध्ये 'गज्जलांजलि' हा संग्रह काढला. त्यांच्यानंतर सुरेश भट (१९३२–२००३) यांनी मराठी गझलेला घराघरांत नेले. नव्याने लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. आज मराठी गझल लिहिणारे अनेक जण त्याच बाराखडीने सुरुवात करतात.

म्हणून काही बहरांची मराठी नावे मुलांना जोडीने शिकवता येतात :

फऊलुन चार वेळा : लगागा ×४ : भुजंगप्रयात.

मफाईलुन चार वेळा : लगागागा ×४ : वियद्गंगा.

फाइलातुन तीन वेळा आणि शेवटी फाइलुन : गालगागा ×३ + गालगा : देवप्रिया. गालिबच्या दीवानातली पहिली गझल या वजनात आहे.

मफऊल फाइलातुन दोन वेळा : गागाल गालगागा ×२ : आनंदकंद. इक्बाल यांचा १९०४ चा 'तराना-ए-हिंदी' या वजनात आहे.

शेवटच्या जोडीत एक गंमत आहे. उर्दूवाले ती ओळ 'गागाल – गालगागा' अशी कापतात, मराठीवाले 'गागालगा – लगागा' अशी. सुरी वेगळ्या जागी चालते, पण सलग म्हटले की सात अक्षरांचा क्रम तोच. राष्ट्रीय सणांना शाळेत तराना म्हणणारे प्रत्येक मूल आनंदकंद गात असते. त्याला ते कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

ओळ लंगडते तेव्हा

वृत्त खरे कळते ते चुकलेल्या ओळीवरून. मुलीच्या पहिल्या खर्ड्यात दुसऱ्या शेराची ओळ अशी होती :

वहीची पाने वाळवी खात होती

अक्षरे मोजा : बाराच. अर्थही बरोबर. तरी म्हणताना जीभ अडते. ल-गा मांडले की कारण सापडते : ल गा गा, गा गा गा, ल गा गा, ल गा गा. दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला टिचकी हवी होती, तिथे थाप पडली. मात्रा एकवीस झाल्या. 'पाने' म्हणजे गागा. त्या जागी लगा हवा होता. मुलीने स्वतःच 'कडा' शब्द शोधला आणि 'वहीची'चे 'वहीच्या' केले. ओळ सरळ झाली. शिवाय वाळवी पुस्तकाला कडेकडेनेच लागते, त्यामुळे चित्रही जास्त खरे झाले. वृत्त कवीला बांधून ठेवते, अशी तक्रार आपण ऐकतो. कधीकधी ते जास्त नेमका शब्द शोधायला लावते.

फरक कुठे आहेत?

आता पाहुण्यांच्या बाजूने बोलू. उर्दू आणि मराठीच्या मोजणीत काही फरक आहेत, आणि आपली मुले चुकतात ती नेमकी तिथेच.

पहिला फरक 'दिल' आणि 'मन' यांचा. उर्दूत 'दिल' हा एकच उच्चार, म्हणून तो एक गा. मराठीच्या अक्षरगणवृत्तात 'मन' म्हणजे दोन स्वतंत्र अक्षरे : म ल, न ल. बोलताना आपणही 'मन्' असेच म्हणतो, पण वृत्तात 'न' पूर्ण मोजला जातो. म्हणून भुजंगप्रयातात जिथे गा हवा तिथे 'मन' चालणार नाही. मात्रावृत्तात मात्र दोन ल मिळून एका गा-ची जागा घेऊ शकतात.

दुसरा फरक स्वर दाबण्याचा. उर्दू कवीला काही शब्दांचा शेवटचा दीर्घ स्वर गरजेप्रमाणे दाबून ल करता येतो. 'मेरा' हा शब्द जागा पाहून गागा, गाल, लगा किंवा ललसुद्धा होतो. मराठीत 'माझा' कायम गागा. उर्दूच्या चालीवर वाढलेली मुले मराठीतही 'माझा' दाबून म्हणतात आणि ओळ बसली असे समजतात. गाताना ती निभावतेही. कागदावर मांडले की चूक पकडली जाते.

तिसरा फरक ओळीच्या टोकाचा. उर्दूत ओळीच्या शेवटी एखादा जास्तीचा लघू उच्चार आला तरी बहर बिघडत नाही. मराठीत चरणाच्या शेवटी गुरूच्या जागी लघू आला तर तो गुरू मानून घेतात. दोन्हीकडे शेवटाला थोडी सूट आहे, पण सुटीचा प्रकार वेगळा.

हे तीन फरक एका कागदावर लिहून घरात चिकटवले तरी अर्धे काम होते.

हे सगळे आपल्याच शहरात

उर्दू गझलेचा इतिहास सांगताना लोक दिल्ली-लखनौला जातात. पण सुरुवातीचे मोठे नाव वली दखनी यांचे, आणि ते औरंगाबादचे. १७०७ च्या सुमारास अहमदाबादेत त्यांचा इंतकाल झाला. त्यांचा दीवान १७२० च्या आसपास दिल्लीत पोचला, आणि तोवर फारसीत लिहिणारे तिथले शायर आपल्या बोलीत गझल लिहू लागले. वलींची बोली दखनी. तिच्यातला 'नको' आपण रोज मराठीत वापरतो.

त्यांच्यानंतरचे सिराज औरंगाबादी तर आयुष्यभर याच शहराचे. त्यांची सर्वांत प्रसिद्ध गझल आजही गायक आणि कव्वाल गातात. तिची रचना पाहण्यासारखी आहे. बहर कामिल, तुकडा 'मुतफाइलुन', वजन ललगालगा, आणि असे चार तुकडे. म्हणजे ओळीत वीस अक्षरे : बारा ल, आठ गा, अठ्ठावीस मात्रा. उर्दूत ही बहर तुलनेने कमी वापरली जाते. प्रत्येक तुकडा दोन टिचक्यांनी धावत सुटतो आणि थापेवर थांबतो, पुन्हा धावतो. रदीफ आहे 'रही', आणि काफिया 'अरी' या नादाचा. काफियाही ई-वर संपतो, रदीफही ई-वर. त्यामुळे प्रत्येक शेर संपताना एकच सूर दोनदा कानावर पडतो. सगळे काही निघून गेल्यावर काय उरले, असा त्या गझलेचा भाव आहे. 'रही' या रदीफने तो पुन्हापुन्हा समोर येतो. रचना आणि अर्थ असे हातात हात घालून चालतात.

याच अठराव्या शतकात, याच शहरात मराठी कवी अमृतराय राहत होते. त्यांचे कटाव प्रसिद्ध आहेत. कटाव म्हणजे अनुप्रास आणि आतल्या आत जुळणाऱ्या यमकांनी धावत जाणारी लांब रचना. एका शहरात एकाच काळात सिराजची गझल आणि अमृतरायांचा कटाव लिहिला जात होता. पुढे विसाव्या शतकात वैजापूरला जन्मलेले सिकंदर अली वज्द आणि बशर नवाज यांनी इथली उर्दू शायरी पुढे नेली. 'तुमची चीज', 'आमची चीज' असा हिशोब करायचा, तर या शहरात तो जुळवणे कठीण आहे.

दादांच्या वहीचे काय झाले?

वडील पुन्हा आले ते वही घेऊन. त्यांना ती देवनागरीत उतरवून ठेवायची होती, मुलांना वाचता यावी म्हणून. ते वाचत होते, मुलगी लिहून घेत होती.

उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. ते वाचणाऱ्याने ओळखायचे असतात. शीन, काफ, रे ही तीन अक्षरे 'शुक्र' अशीही वाचता येतात आणि 'शकर' अशीही. एक आभार, दुसरी साखर. बहुतेक वेळा अर्थावरून कळते. जुन्या, पुसट झालेल्या वहीत नेहमी कळत नाही.

एका मिसऱ्यात ऐन, लाम, मीम अशी तीन अक्षरे आली. वडिलांनी 'इल्म' वाचले. ओळ अडखळली. त्यांना वाटले, एखादा शब्द पुसला गेला असेल. मुलीने ल-गा मांडले. गझल गालगागा, म्हणजे देवप्रिया वजनाची होती. त्या जागी एक गा आधीच होऊन गेला होता. पुढे आधी ल आणि मग गा हवा होता. 'इल्म' म्हणजे गा-ल, बरोबर उलटे. तिने विचारले, "अब्बू, याच तीन अक्षरांचा ल-गा होईल असा दुसरा शब्द आहे का?"

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अलम."

मुहर्रममधला अलम. मिसरा सरळ झाला आणि अर्थही लागला. दादा विद्येबद्दल लिहीत नव्हते, निशाणाबद्दल लिहीत होते. "हां," वडील म्हणाले, "अब्बा ये शेर पढते वक्त हाथ ऊपर उठाते थे. मला वाटायचं, सवय असेल."

ज्या मुलीला ती लिपी वाचता येत नाही, तिने ती लिपी वाचणाऱ्या वडिलांची चूक मराठीत शिकलेल्या ल-गा-ने सुधारली. आता तिने उर्दू अक्षरे शिकायला घेतली आहेत. शायरी बंद करण्याचा विषय वडिलांनी पुन्हा काढलेला नाही. मराठीचे मार्क किती येतात ते निकालाला कळेल, पण व्याकरणातला वृत्तांचा धडा तिला आता पाठ करावा लागत नाही.

घरी करून पाहा

तुमच्याही घरात अशी एखादी वही, डायरी, लग्नातला सेहरा, कोणी लिहिलेली नात किंवा मर्सिया असेल. मुलांना घेऊन बसा आणि एवढेच करा.

एक, रचना मोठ्याने दोनदा वाचा, चाल न लावता. चालीत चुका झाकल्या जातात.

दोन, शेवटचा न बदलणारा शब्द अधोरेखित करा, तो रदीफ. त्याच्या आधीचे जुळणारे शब्द गोल करा, ते काफिये. त्यांचा शेवटचा स्वर आणि अक्षर दोन्ही जुळतात का ते पाहा.

तीन, एका ओळीखाली ल-गा लिहा. रचना उर्दू असेल तर लिहिल्याप्रमाणे नव्हे, उच्चाराप्रमाणे मोजा. मराठी असेल तर प्रत्येक अक्षर मोजा.

चार, दुसऱ्या ओळीखालीही लिहा आणि दोन्ही क्रम एकाखाली एक ठेवा. जिथे जुळत नाहीत तिथे आधी स्वतःच्या वाचण्यावर शंका घ्या, मग लिहिणाऱ्यावर.

पाच, जो क्रम सापडेल त्याचे उर्दू आणि मराठी, दोन्ही नाव मुलांना लिहून ठेवू द्या.

आणि ज्यांच्या घरी दादा, दादी, नाना, नानी हयात आहेत, त्यांनी हे काम पुढे ढकलू नये. वहीतला अडलेला शब्द वजनावरून शोधता येतो. पण कोणत्या शेराला हात वर व्हायचा, हे त्यांनाच विचारावे लागते.